टॅटू काढायचाय? केमिकल पील की लेझर, नेमकं काय काम करतं?

ब्रेकअप झालं, भरतीची जाहिरात आली किंवा डिझाइनचा कंटाळा आला. कारण काहीही असो, टॅटू काढण्याबद्दल सर्च केलं की दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे घरी लावायचं पील किंवा क्रीम, जे स्वस्त असतं. दुसरा म्हणजे क्लिनिकमधलं लेझर, जे महाग आणि वेळखाऊ असतं. साहजिकच अनेकांना आधी पील करून बघावंसं वाटतं. ते करण्याआधी या दोन्ही गोष्टी त्वचेत काय करतात, हे समजून घ्या.

टॅटूची शाई नेमकी कुठे असते?

आपल्या त्वचेचा वरचा थर म्हणजे एपिडर्मिस. तो बहुतेक ठिकाणी साधारण ०.१ मिलिमीटर इतकाच जाड असतो आणि महिना-दीड महिन्यात नवा होतो. शाई या थरात असती तर टॅटू आपोआप गेला असता. पण टॅटूची सुई शाई साधारण १ ते २ मिलिमीटर खोल, म्हणजे डर्मिस या खालच्या थरात सोडते.

तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी शाईचे कण गिळून बसतात. कण मोठे असल्यामुळे त्यांना ते पचवताही येत नाहीत आणि बाहेरही टाकता येत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की अशी पेशी मेली तर तिच्यातून सुटलेली शाई शेजारची नवी पेशी गिळते. आजीच्या हातावरचं गोंदण इतक्या वर्षांनीही दिसतं, त्यामागे हेच कारण आहे.

केमिकल पील काय करतं?

पील म्हणजे त्वचेवर अ‍ॅसिड लावून वरचे थर सोलून काढणं. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं हलकं पील पिंपल्सच्या डागांसाठी किंवा काळवंडलेल्या त्वचेसाठी वापरतात. ते वरवर काम करतं, त्यामुळे शाईपर्यंत पोचतच नाही.

टॅटूसाठी ऑनलाइन विकलं जातं ते बहुतेकदा टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. त्याचं प्रमाण वाढवलं की ते खोल जातं. पण अ‍ॅसिडला शाई आणि त्वचा यातला फरक कळत नाही. शाईपर्यंत पोचायचं तर मधली सगळी त्वचा जाळावी लागते. टॅटू फिका होतो, पण जागेवर भाजल्याचा व्रण, पांढरा किंवा काळा डाग राहू शकतो. काहींना केलॉइड, म्हणजे फुगीर व्रणही येतो. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत असे डाग पडण्याची शक्यता जास्त असते.

अमेरिकेच्या एफडीएने घरी लावायच्या कोणत्याही टॅटू रिमूव्हल क्रीमला मंजुरी दिलेली नाही.

लेझर वेगळं काय करतं?

लेझर त्वचा सोलत नाही, तो शाईवर नेम धरतो. काळा टी-शर्ट उन्हात जास्त तापतो, तसे शाईचे कण लेझरचा प्रकाश शोषून घेतात. हा झटका काही नॅनोसेकंदांचा असतो आणि एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत कण इतका झपाट्याने तापतो की त्याचे तुकडे होतात. हे बारीक तुकडे शरीर हळूहळू वाहून नेतं. पिको लेझरचे झटके याहूनही लहान असतात.

रंगानुसार लेझरची तरंगलांबी बदलते:

• १०६४ नॅनोमीटर: काळी आणि गडद निळी शाई. त्वचेतलं मेलॅनिन हा प्रकाश कमी शोषतं, म्हणून सावळ्या त्वचेसाठी तुलनेने सुरक्षित.
• ५३२ नॅनोमीटर: लाल, केशरी. मेलॅनिनही हा प्रकाश शोषतं, म्हणून जपून.
• ६९४ आणि ७५५ नॅनोमीटर: हिरवा, निळा.

म्हणजे काळा टॅटू काढणं तुलनेने सोपं, रंगीत अवघड. पांढऱ्या किंवा त्वचेच्या रंगाच्या शाईवर लेझर मारला तर ती उलट काळी पडू शकते. आयब्रोच्या कॉस्मेटिक टॅटूबाबत हे खास लक्षात ठेवा.

वेळ किती लागतो?

दोन सिटिंगमध्ये साधारण ६ ते ८ आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण तुकडे वाहून न्यायला शरीराला वेळ लागतो. समजा ८ सिटिंग लागल्या, तर एकूण १० ते १३ महिने होतात. घोटा किंवा बोटांवरचा टॅटू अजून हळू जातो. इतकं करूनही पुसट छाप राहू शकते.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी हा हिशोब आधीच करावा. लष्कर आणि केंद्रीय सशस्त्र दलांत टॅटू असला म्हणजे लगेच अपात्र, असं नाही. तो कुठे आहे हे बघितलं जातं, काही दलांत आकारही बघतात. आधी जाहिरातीतला नियम नीट वाचा, कदाचित काढायची गरजच नसेल. मेडिकल पुढच्या महिन्यात आहे म्हणून घाईने अ‍ॅसिड लावलं, तर टॅटूसोबत ताजी जखमही दाखवावी लागेल.

क्लिनिकमध्ये काय विचारायचं?

१. लेझर कोण करणार? डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहेत का?
२. मशीन क्यू-स्विच्ड किंवा पिको आहे का? केस काढायच्या मशीनचे किंवा आयपीएलचे झटके मिलिसेकंदांचे, म्हणजे खूपच लांब असतात. त्याने टॅटू फुटत नाही, त्वचा भाजते.
३. आधी छोट्या जागेवर टेस्ट करणार का?
४. डोळ्यांना संरक्षक चष्मा देणार का? याला पर्याय नाही.
५. एका सिटिंगचे नाही, अंदाजे एकूण किती पैसे लागतील?

केलॉइडची सवय, गरोदरपण किंवा पिंपल्सच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

नेहमीचे प्रश्न

लेझर दुखतं का?
हो. रबर बँडचा चटका बसावा तसं वाटतं. बधिर करायचं क्रीम मिळतं.

पूर्ण काढायचा नसेल तर?
दोन-तीन सिटिंगमध्ये फिका करून त्यावर नवा टॅटू काढता येतो. खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात.

पील आधीच लावलंय आणि आग होतेय, काय करू?
ती जागा लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, सोडा काहीही लावू नका. फोड फोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात

पील हलकं असेल तर शाईपर्यंत जात नाही आणि कडक असेल तर त्वचा जाळूनच जातं. लेझरला पैसे आणि धीर दोन्ही लागतात, पण तो शाईवर काम करतो. आत्ता बजेट नसेल तर पैसे जमेपर्यंत टॅटू तसाच राहू द्या. तो नंतरही काढता येईल, अ‍ॅसिडने पडलेला व्रण मात्र सहसा जात नाही.