गायकवृंद आणि भाविकांचे ध्रुपद

उपासनागीत रचनाकाराच्या वहीत पूर्ण होत नाही. ते भाविकांच्या कंठातून उमटते तेव्हाच पूर्ण होते. आपला इतिहास हेच सांगतो. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ देवळांतून मोठ्याने म्हटला जाई, कारण ओवी मुळातच गळ्याची.

वेदीपुढे मात्र लॅटिनचेच राज्य राहिले. ४ डिसेंबर १९६३ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध करून लोकभाषेला दार उघडले. गायकवृंद जोपासावेत असे त्यात म्हटले आहे आणि सर्व भाविकांना सहभागी होता यावे असेही. रचनाकाराचा पेच येथेच आहे : चार आवाजांची गुंफण साधावी, की साऱ्यांना पेलेल अशी चाल बांधावी?

याचे उत्तर आम्हांला मराठी मातीतच दिसते. कीर्तनात बुवा पद उचलतात, टाळकरी ध्रुपद घेतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-भजनाचे वळण ख्रिस्ती उपासनेत रुजवले. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. त्यातील नांदेडजवळच्या, गोदाकाठच्या विष्णुपुरीतील कुटुंबांच्या कानांना हे वळण परके नाही.

म्हणून गायकवृंदाने अंतरा सजवावा, ध्रुपद भाविकांचे ठेवावे. रचनाकाराने शेवटच्या बाकावर बसून ते ऐकावे. तेथे ओठ हलले नाहीत, तर चाल पुन्हा बांधावी.