चारातला एक

पुणे करार आपल्याला पाठ. २४ सप्टेंबर १९३२, येरवडा, १४८ राखीव जागा. पण त्यातलं प्राथमिक निवडणुकीचं कलम कोण वाचतो? मी सूतगिरणीतला कामगार. रात्रपाळी सुटल्यावर ते वाचलं आन झोपच उडाली.

राखीव जागेला चारापेक्षा जास्त उमेदवार असले, तर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चौघे निवडायचे. मग त्यातला एक सगळ्यांनी मिळून. पहिल्या फेरीत आपला माणूस एकच गोष्ट बघणार : हा आपल्यासाठी भांडंल का? दुसऱ्या फेरीत सवर्णांची मतं जास्त. तेही एकच बघणार : हा आपल्याशी भांडणार तर न्हाई?

मेख इथं हाय. पहिल्या फेरीत पहिला आलेला आन चौथा आलेला, दोघांची किंमत सारखीच. आपण ज्याला खाली टाकला, त्यालाच ते वर काढू शकत होते.

१९३७ साली बाबासाहेब मुंबईतून निवडून आले. पण १९४६ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार काही ठिकाणी प्राथमिक फेरीत पहिले आले आन अंतिम फेरीत पडले. देशभरात जेमतेम दोन जागा. त्याच जुलैत पुण्यात कराराविरुद्ध सत्याग्रह झाला.

१९५२ पासून पहिली फेरीच गेली. राखीव जागा राहिली, आपला वेगळा कौल नोंदवायची जागा गेली.

आपल्याला म्हणतात, तुमचं राजकारण एकाच प्रश्नाचं. असंल. पण तो प्रश्न उमेदवाराला विचारायचा हक्क आधी कुणाचा, हे कुणी सांगंल का?