न मागता द्यावयाचा हिशेब

नेकनूरच्या बाजारात शेतकरी बैल विकतो, तेव्हा पैसे मोजून घेतल्याखेरीज दावे सोडत नाही. पण तोच शेतकरी कॉलेजच्या इमारतीला वर्गणी देतो, तेव्हा पावतीपलीकडे त्याच्या हाती काही राहत नाही. त्या पैशाचे पुढे काय झाले, हे त्याने कुणाला विचारावे?

इंग्रजी अमलात १९२० साली याविषयी एक कायदा झाला. संस्थेत ज्याचे हित गुंतले आहे त्याने कोर्टात अर्ज करावा, मग कोर्ट विश्वस्तांना हिशेब द्यायला सांगेल, अशी त्यात सोय होती. आता तुम्हीच सांगा, पाच-दहा रुपये देणारा माणूस कोर्टाची पायरी कशाला चढेल? आपला मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो कायदा आपल्या कामाचाच नव्हता.

खरा पालट झाला १९५० साली. मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला आणि देखरेखीला धर्मादाय आयुक्त नेमले. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पुढे हा कायदा इथेही लागू झाला. बीडचे बलभीम महाविद्यालय निघाले तेही १९६० सालीच. म्हणजे आपल्याकडे कॉलेजे आणि हा कायदा साधारण बरोबरच आले म्हणा ना!

या कायद्याने ओझे देणाऱ्याच्या खांद्यावरून काढून विश्वस्तांच्या खांद्यावर ठेवले. कुणी मागो न मागो, ३१ मार्चला वर्षाचे हिशेब बंद करायचे, ते हिशेबतपासनिसाकडून तपासून घ्यायचे, आणि सहा महिन्यांच्या आत अहवाल धर्मादाय कार्यालयात पोचवायचा. शिल्लक रोकड व पावत्या वहीशी जुळतात का, गैरवाजवी खर्च झाला का, हे तपासनिसाने लिहायचे. विश्वस्त बदलला, तर ९० दिवसांत कळवायचे. संस्थेची जमीन विकायची, तर आयुक्तांची परवानगी आधी घ्यायची. सरकारी अनुदानाचा हिशेब शिक्षण खात्याला द्यायचा तो वेगळाच.

कायद्याच्या नावात पुढे मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले, पण मूळ गोष्ट तीच राहिली. तेव्हा शिक्षक बंधूंनो, गावच्या सभेत वर्गणीचा विषय निघेल त्या दिवशी गेल्या साली दाखल केलेला हिशेबही वाचून दाखवा. त्यात कुणाचा अपमान नाही. ज्याने घामाचा पैसा दिला, त्याला पुढच्या वेळी देताना हात आखडता घ्यावा लागणार नाही.