सौंसरची छोटी लाईन

पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली एकत्र करून २०२३ साली छिंदवाड्यातून नवा जिल्हा निघाला. रेल्वेने मात्र या दोन गावांना कित्येक वर्षं वेगळ्या पंगतीत बसवलं होतं. पांढुर्ण्यावरून दिल्ली-चेन्नईच्या गाड्या धडधडत जातात. सौंसरच्या वाट्याला आली ती छोटी लाईन, दोन रुळांत फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट अंतर असलेली.

ती बंगाल-नागपूर रेल्वेची. विसाव्या शतकाच्या आरंभी या कंपनीने गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा असं नॅरोगेजचं जाळं सातपुड्यात विणलं आणि पुढे छिंदवाडा नागपूरला जोडलं. अरुंद रूळ घाटात सहज वळतात, कमी खर्चात होतात. शिवाय मुलूख मालाचा. कापूस होता, मँगनीज होतं. इथल्या मँगनीजवाल्या खडकांना तर भूगर्भशास्त्रात ‘सौंसर समूह’ असंच नाव आहे.

स्वस्ताईची किंमत नागपुरात मोजावी लागे. छोट्या डब्यातला माल पुढे मुंबई-कलकत्त्याला धाडायचा तर पोतं न् पोतं उतरवून मोठ्या वाघिणीत भरायचं. हमाली वेगळी, वेळ वेगळा, सांडलवंड वेगळी. ट्रक आले आणि व्यापाऱ्याने ही दुहेरी उचल सोडून दिली. उरले प्रवासी, तेही तिकीट स्वस्त म्हणून.

मग पर्यटकांची गाडी म्हणून ती का तगली नाही? रामाकोना सोडल्यावर भिमालगोंदीचा घाट, कुकडीखापाचा धबधबा. देखाव्यात काही कमी नव्हतं. जवळपास त्याच काळातली, १९०७ सालची नेरळ-माथेरान गाडी आजही पर्यटक ओढते. पण माथेरानात मोटारींना मज्जाव आहे, आणि ती गाडी मुळातच हवा खायला जाणाऱ्यांसाठी. सौंसरला नागपूर-छिंदवाडा हमरस्ता खेटून होता. गाडी रमतगमत घाट चढेपर्यंत बस केव्हाच पोहोचलेली असे. नुसत्या देखाव्यावर रेल्वे चालत नाही, हे रेल्वेच्या हिशेबनीसांना कुणी सांगायला नको होतं.

२०१५ च्या अखेरीस छोटी लाईन बंद झाली. तिच्या जातीची इंजिनं आता नागपूरच्या मोतीबागेत, २००२ साली उघडलेल्या नॅरोगेज संग्रहालयात पाहायला मिळतात. सौंसरवरून २०२१ पासून नागपूरच्या इतवारी स्थानकातून छिंदवाड्याला ब्रॉडगेज गाडी धावते, आणि मालाच्या वाघिणीला नागपुरात रिकामं व्हावं लागत नाही.