सलग मजकुराची उकल

वाचकहो, गावातल्या एखाद्या जुन्या वाड्यात मोडीत लिहिलेला कागद तुम्ही पाहिला असेल. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली एकाला एक लागून अक्षरे लिहीत जायची, अशी ती रीत. शब्दाशब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. वाचणाऱ्याला शब्द कोठे तोडायचा हे कळले नाही, तर अर्थाचा अनर्थ ठरलेला! असाच एक सलग मजकूर आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत आहे. तो कोठे तोडला जातो, हे कोडे शास्त्रज्ञांनी कसे सोडवले, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

पेशीच्या आत केंद्रक असते, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. केंद्रकाभोवती दाण्यांसारखे, दोऱ्यांसारखे पुष्कळ बारीक कण असतात. १८९० साली जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड आल्टमान यांनी त्यांचे बारकाईने वर्णन केले. १८९८ साली कार्ल बेंडा यांनी ‘दोरा’ आणि ‘दाणा’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांना मायटोकाँड्रिया हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना तंतुकणिका म्हणतो. आपण खाल्लेल्या भाकरीचे आणि घेतलेल्या श्वासाचे कामाला येणाऱ्या शक्तीत रूपांतर होते, ते मुख्यतः या कणिकांत. नांगर धरणारा दंड आणि रात्रंदिवस चालणारे हृदय त्यांच्याच जिवावर चालते.

आनुवंशिक मजकूर म्हणजे डी.एन.ए. हा केंद्रकातच असतो, अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. १९६३ साली स्टॉकहोम येथे मार्गिट नास आणि सिल्वान नास यांना कोंबडीच्या गर्भातील तंतुकणिकांत डी.एन.ए.चे धागे दिसले. म्हणजे या कणिकांचे स्वतःचे असे एक छोटे दप्तर होते तर! माणसाच्या तंतुकणिकेतले हे दप्तर इंग्लंडात केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेतील मंडळींनी अक्षर न् अक्षर वाचून काढले आणि १९८१ साली छापले. त्यात १६,५६९ अक्षरजोड्या आणि ३७ जनुके निघाली. १३ जनुके प्रथिनांची. उरलेली २४ प्रथिने बनविण्याच्या कामी लागणाऱ्या आर.एन.ए.ची. त्यांपैकी २२ जनुके ‘वाहक’ आर.एन.ए.ची होती.

आता तुम्ही विचाराल, आर.एन.ए. म्हणजे काय? मूळ दप्तर कोणी शेतावर घेऊन जात नाही. कामापुरती नक्कल काढून नेतात. डी.एन.ए. हे मूळ दप्तर आणि आर.एन.ए. ही त्याची नक्कल. केंद्रकात साधारणपणे एकेका जनुकाची वेगळी नक्कल निघते. तंतुकणिकेत मात्र पुष्कळ जनुकांची मिळून एकच लांबलचक नक्कल निघते. बरे, दोन जनुकांमध्ये जागा म्हणावी तर जवळजवळ नाहीच. मग एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे पेशीला कसे कळावे?

याचे उत्तर त्याच वर्षी, ‘नेचर’ या नियतकालिकाच्या त्याच अंकात आले. इटलीत जन्मलेले जुझेप्पे आटार्डी अमेरिकेत कॅलिफोर्नियात काम करीत होते. ओजाला आणि मोंटोया हे त्यांचे सहकारी. त्यांच्या ध्यानात आले की, वाहक आर.एन.ए.ची चिमुकली जनुके इतर जनुकांच्या अधेमधे पेरलेली आहेत. नक्कल निघाली की वाहकाचा भाग आपोआप दुमडतो. कागदावर त्याची आकृती काढली तर ती बेलाच्या पानासारखी तीन पाकळ्यांची दिसते. कापणारी विकरे हा आकार ओळखतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना कापतात. वाहक सुटा होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडेही मोकळे होतात. एका कामात दोन कामे! या वाहकांना आटार्डींनी विरामचिन्हांची उपमा दिली.

आणखी एक गंमत पाहा. प्रथिनाचा मजकूर येथे संपला, हे सांगणारी तीन अक्षरांची खूण असते. तंतुकणिकेतील काही जनुकांत ही खूण अर्धवटच लिहिलेली आहे. तुकडा कापून झाल्यावर त्याच्या शेवटी ‘अ’ या अक्षराची शेपटी जोडतात, तेव्हा कोठे ती खूण पुरी होते. मात्र प्रत्येक सांध्यावर वाहक नसतो. तेथे कापण्याची तजवीज वेगळी असते.

पण कापणारे कोण? वाहकाच्या पुढच्या टोकाला कापणारे एक विकर जीवाणूंमध्ये सापडले होते. त्यातील कापण्याचे काम प्रथिन नव्हे तर आर.एन.ए. करतो, हे सिडनी ऑल्टमन यांनी दाखवले आणि १९८९ साली टॉमस चेक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मग तंतुकणिकेतही तसेच असेल, असे अनेकांना वाटले. आटार्डींच्या प्रयोगशाळेनेही २००१ साली तसेच मत मांडले. परंतु २००८ साली व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, येथे तीन प्रथिने मिळून हे काम करतात, आर.एन.ए.ची गरजच नाही. मोठ्या माणसाचेही प्रत्येक मत खरेच निघते असे नाही. प्रयोगापुढे सर्वांना मान तुकवावी लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

हे सगळे कळून आपल्याला काय उपयोग, असे कोणी म्हणेल. उपयोग आहे. १९९० साली जपानी शास्त्रज्ञांना आढळले की, एका वाहकाच्या जनुकातील एकच अक्षर बदलल्याने मुलांना झटके येतात, स्नायू दुबळे होतात, पक्षाघातासारखे विकार होतात. २०१३ साली असे दिसले की, वाहकाचे मागचे टोक कापणाऱ्या विकरात दोष असला, तर तान्ह्या बाळाच्या हृदयाचा स्नायू जाड होऊन बसतो.

शिक्षक मित्रांनो, येथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. तंतुकणिकेतील दप्तर मुलाला आईकडूनच मिळते. एवढे अर्धवट ऐकून, आजारी मूल जन्मले की सुनेकडे बोट दाखवणारे निघतील. त्यांना सांगा की, अक्षर बदलणे हा कोणाचा अपराध नव्हे. ते कोणी ठरवून बदलत नाही. शिवाय कापणाऱ्या त्या विकराचे जनुक केंद्रकात असते. तो आजार होतो, तेव्हा सदोष प्रत आई आणि बाप अशा दोघांकडून आलेली असते, आणि ती दोघेही स्वतः धडधाकट असतात.

मोडी वाचणारा जाणकार शब्द तोडण्याची घाई करीत नाही. पुढचे-मागचे पाहून मगच तोडतो. माणसाला दोष देतानाही आपण तेवढाच धीर धरला, तर या शोधांचे चीज झाले असे म्हणता येईल.