आपण गरीब का? मुंबई-पुण्यात विचारला गेलेला प्रश्न

१८४१ साली मुंबईच्या ‘बाँबे गॅझेट’ या इंग्रजी वर्तमानपत्रात आठ पत्रे छापून आली. खाली सही होती ‘एक हिंदू’. लिहिणारे होते पंचविशीतले भास्कर पांडुरंग तर्खडकर. मराठीचे व्याकरण रचणारे दादोबा हे त्यांचे थोरले बंधू, तर पुढे प्रार्थना समाज स्थापणारे आत्माराम हे धाकटे. कंपनी सरकार तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगत असे, की आम्ही हा देश पेंढाऱ्यांच्या तावडीतून सोडवला. भास्कररावांनी त्याला उलट हिशेब मांडून दाखवला. पेंढाऱ्यांना शेकडो वर्षे लुटून जे नेता आले नसते, ते तुमच्या व्यापाराच्या रीतीने थोड्या वर्षांत नेले, असा त्यांचा आरोप होता. १८४७ साली, ऐन तारुण्यात ते वारले.

ते एकटे नव्हते. ‘प्रभाकर’ साप्ताहिक चालवणारे भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, हाच विषय मराठीतून मांडत होते. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानची प्राचीन आणि तेव्हाची स्थिती व तिचा पुढचा परिणाम या विषयावर मराठीत एक आख्खे पुस्तकच लिहिले. देशातली संपत्ती बाहेर वाहून जाते आहे आणि दारिद्र्याचे मूळ तिथे आहे, हा विचार मराठी वाचकाच्या हाती दादाभाई नौरोजींच्या आधी वीस-पंचवीस वर्षे पोचला होता.

मी वऱ्हाडातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. विकासाच्या अर्थशास्त्रात ‘परावलंबन सिद्धान्त’ नावाचे प्रकरण असे आणि ते सुरू होई अर्जेंटिनाच्या राउल प्रेबिशपासून, १९४९ सालापासून. समोर बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी कापूस होता. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पणजोबांच्या काळी, त्यांच्याच भाषेत शोधले गेले होते, तो त्यांना परदेशातून आलेला धडा म्हणून पाठ करावा लागे. हे मला नेहमी सलत आले आहे. म्हणून या विचाराचा आपल्याकडचा इतिहास इथे सांगतो. त्यात एकाच प्रश्नाची तीन निराळी उत्तरे आहेत, आणि तिन्ही हाताशी असल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

पहिले उत्तर दादाभाईंचे. भास्कररावांप्रमाणेच दादाभाईही मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात शिकलेले. १८५५ साली व्यापारासाठी ते लंडनला गेले. २ मे १८६७ रोजी तिथल्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे इंग्लंडवर हिंदुस्थानचे किती ऋण आहे, या विषयावर त्यांनी निबंध वाचला. त्यांची पद्धत हिशेबनिसाची होती. हिंदुस्थानातून माल जास्त जातो, येतो कमी. साध्या व्यवहारात वरचे पैसे परत यायला हवेत, पण ते येत नाहीत. निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लंडनच्या कचेरीचा खर्च, कर्जावरचे व्याज आणि रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला पाच टक्के परतावा यांत ते तिकडेच जिरतात. रेल्वेला तोटा झाला तरी हमीचे पैसे इथल्या रयतेच्या सारावसुलीतून भरायचे, हा करारच होता.

दादाभाईंनी माणशी वार्षिक उत्पन्न काढले, ते आले सुमारे २० रुपये. मग तुरुंगांचे सरकारी अहवाल उघडून कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च काढला, तो त्याहून जास्त भरला. कैद्याला जेवढे मिळते तेवढेही मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही, हे सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध झाले. त्या आकड्यांच्या अचूकपणावर आजही वाद आहेत. पण दारिद्र्य मोजता येते आणि त्याचा जाब मागता येतो, ही रीत दादाभाईंनी घालून दिली. १९०१ मध्ये त्यांचे या विषयावरचे लेखन ग्रंथरूपाने आले, तेव्हा त्यामागे चौतीस वर्षांचा चिवटपणा होता.

दुसरे उत्तर पुण्यातून आले, महादेव गोविंद रानड्यांकडून. १८९० साली पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेत त्यांनी आपल्याच माणसांना न आवडणारी गोष्ट सांगितली. बाहेर जाणाऱ्या पैशात काही भाग खरोखरच्या कर्जाच्या व्याजाचा आहे, तेव्हा सगळी शक्ती त्या एका तक्रारीवर खर्च करू नका, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांना खरे भय वाटत होते ते देशाच्या अर्थव्यवहाराला आलेल्या आकाराचे. हिंदुस्थान हा जणू एक मोठा मळा झाला आहे. इथे कच्चा माल पिकवायचा, तो इंग्रजी जहाजांतून न्यायचा, इंग्रजी भांडवलाने आणि कसबाने त्याचे कापड करायचे आणि ते पुन्हा इथेच आणून विकायचे. कारागीर हातमाग सोडून शेतीकडे ढकलला जातो आणि शेतीवरचा भार वाढत जातो. उद्या वाहून जाणारा पैसा थांबला, तरी हा आकार आपोआप बदलणार नाही.

दोन वर्षांनी, १८९२ मध्ये, डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात रानड्यांनी याचा शास्त्रीय पाया घातला. खुल्या व्यापाराचे इंग्रजी सिद्धान्त सर्व देशांना, सर्व काळी सारखे लागू पडत नाहीत. मागे राहिलेल्या देशात सरकारने उद्योगांना भांडवल आणि आधार दिला पाहिजे. यासाठी त्यांनी जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्टचा दाखला घेतला. योग असा, की लिस्टचा मुख्य ग्रंथही १८४१ चाच, भास्कररावांच्या पत्रांच्या सालातला.

रानडे काय म्हणत होते ते आमच्या वऱ्हाडाइतके दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसेल. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. भाव चढले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये ती यादवी संपली, भाव कोसळले आणि १ जुलैला मुंबईच्या बाजाराचे दिवाळे वाजले. पण कापूस ओढून नेणारे रूळ यायचे थांबले नाहीत. १८६७ मध्ये ते नागपूरला पोचले. मार्च १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा जेमतेम आठ मैलांचा फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा माणूस आला, कारण खामगाव हा कापसाचा फार मोठा बाजार होता. सरकी काढायला जीन आले, रुईच्या गाठी बांधायला प्रेस आले. कापड विणणारे मात्र वाढले नाहीत. रेल्वे आल्यावर गिरण्याही गावोगाव येतील, असा काहींचा होरा होता. तो वऱ्हाडात फारसा खरा ठरला नाही. ज्वारीच्या वावरात कापूस शिरला, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात, म्हणजे छप्पनच्या दुष्काळात, या ‘सुपीक’ मुलखात माणसे अन्नावाचून मेली.

मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हाही हाच आकार आडवा आला. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिली गिरणी काढायचे ठरवले आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभे राहिले. १८८२ मध्ये विलायती कापडावरची जकात उठवली गेली. पुढे तिजोरी रिकामी पडल्यावर ती पुन्हा बसवणे भाग पडले, तेव्हा १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, अबकारी कर लावला. मँचेस्टरची तक्रार नको, एवढेच त्याचे कारण. हा कर १९२६ मध्ये गेला. आपल्या बाजाराचे नियम दुसऱ्याच्या सोयीने ठरतात तेव्हा काय होते, ते यातून शिकावे.

तिसरे उत्तर जोतीराव फुल्यांचे, आणि अर्थशास्त्राच्या वर्गात ते सर्वात कमी ऐकू येते. १८८३ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी विलायती मालाने बसलेले कारागीर पाहिले, वाढता सारा पाहिला, जंगलखात्याने बळकावलेली कुरणे पाहिली. पण ते तिथे थांबले नाहीत. शेतकऱ्याच्या घरातून निघालेला पैसा लंडनला पोचायच्या आधी किती हातांतून जातो, हे त्यांनी दाखवले. कुलकर्णी, कचेरीतला कारकून, सावकार, वकील असे सगळे हात त्यांनी मोजले. गोऱ्या साहेबाला रयतेची भाषा येत नाही, म्हणून कारभार मधल्या शिकलेल्या जातींच्या मुठीत राहतो, हा त्यांचा रोखठोक आरोप होता. उपायही तितकेच ठोस होते. बंधारे बांधा, तलाव करा, कुरणे मोकळी करा, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा. देश लुटला जातो असे म्हणताना देशात कोणाचे खिसे भरतात, हे सांगायला फुले कचरले नाहीत.

आता प्रेबिशकडे येतो. अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेचे ते पहिले महाव्यवस्थापक होते. १९३० च्या दशकातल्या मंदीत धान्याचे आणि मांसाचे भाव कसे कोसळले, ते त्यांनी जवळून पाहिले. १९४९ मध्ये त्यांनी मांडले, की जग केंद्र आणि परीघ असे विभागले आहे, आणि परिघाच्या कच्च्या मालाची किंमत केंद्राच्या पक्क्या मालाच्या मानाने घसरत जाते. हान्स सिंगर स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. आंद्रे गुंडर फ्रँकने १९६६ मध्ये एक साखळी दाखवली, जी परदेशी महानगरातून देशाच्या राजधानीत आणि तिथून खेड्यापर्यंत उतरते आणि प्रत्येक कडीला खालची कमाई वर ओढते. वॉल्टर रॉडनीने १९७२ मध्ये हाच इतिहास आफ्रिकेचा म्हणून लिहिला. पुढे ब्राझीलचे अध्यक्ष झालेले कार्दोझो आणि त्यांचे सहकारी फालेटो यांनी १९६९ मध्ये बजावले, की बाहेरच्या दाबाचा परिणाम देशातल्या वर्गांच्या युतीवर ठरतो. संपत्तीच्या ओढीत दादाभाई दिसतात, व्यापाराच्या आकारात रानडे, आतल्या हातांत फुले. या लोकांनी आपल्याकडून उचलले, असा माझा दावा नाही. सारख्या जखमेतून सारखा विचार निघाला.

एक फरक मात्र मोठा आहे. लॅटिन अमेरिका एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच स्वतंत्र झाली होती, तरी ती परिघावरच राहिली. परका राजा गेला की प्रश्न सुटतो, हे तिच्या अनुभवाने खोटे ठरवले. म्हणूनच रानडे आणि फुले यांची उत्तरे स्वातंत्र्यानंतर जास्त उपयोगी पडायला हवी होती. या सिद्धान्तांवर एक रास्त आक्षेपही आहे. दक्षिण कोरिया आणि तैवान याच जागतिक बाजारात राहून वर आले. पण त्यांच्या सरकारांनी उद्योगांना हात दिला, तो रानड्यांच्या सल्ल्याच्या जवळचा; आणि जमिनीची फेरवाटणी केली, ती फुल्यांच्या तळमळीच्या जवळची.

आता पुन्हा आमच्या कापसाकडे येतो. महाराष्ट्रात १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि पुढे ती मोडली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि घरचे बियाणे राखायची रीत जवळजवळ संपली. बियाणे, खत, फवारणी बाजारातून आणायची आणि रुईचा भाव दूरच्या बाजारात ठरायचा, या स्थितीत शेतकरी आज उभा आहे. त्याच्या आत्महत्यांना नशीब किंवा आळस म्हणणाऱ्यांना दीडशेहून जास्त वर्षांच्या या विचाराची ओळख नाही, किंवा ती त्यांना नको आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परावलंबनाचे प्रकरण प्रेबिशने सुरू करू नका. १८४१ ची पत्रे, रानड्यांचे १८९२ चे व्याख्यान आणि ‘असूड’ एकाच टेबलावर ठेवा, शेजारी फ्रँक आणि कार्दोझो ठेवा. मग विद्यार्थ्याला घरच्या एक क्विंटल कापसाचा हिशेब लिहायला लावा. बियाण्याचे पैसे कोणाला गेले, व्याज कोणी घेतले, अडत किती गेली, रुईचे सूत कुठे झाले, कापड कोणी विकले, आणि प्रत्येक टप्प्यावर किती उरले. आपण गरीब का, या प्रश्नाला दुसऱ्याने दिलेले उत्तर पाठ करून भागत नाही. ते प्रत्येक पिढीने आपल्या वहीत पुन्हा मांडायचे असते, आणि त्या वहीत आपल्या गावातली नावेही लिहायचे धैर्य दाखवायचे असते.