दिल्लीचीं दोन सभागृहें आणि किहीमचें मत

मुंबईहून लाँचनें मांडव्यास उतरून किनाऱ्याच्या कडेनें दक्षिणेस गेलें कीं किहीम लागतें. नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूचें बन आणि समोर पसरलेला समुद्र, एवढीच या गांवाची ओळख शहरांतील बहुतेक कुटुंबांस असते. पण आपल्या संसदेचीं दोन सभागृहें कशीं बनतात आणि त्यांच्यांत सत्तेची वांटणी कशी झाली आहे, हें समजून घेण्यास असें एखादें गांवच सोयीचें. किहीमहून दिल्लीस जाण्याच्या वाटा दोन आहेत. एक सरळ, दुसरी वळणाची. शिवाय एक पाऊलवाटहि आहे.

दोन सभागृहांची कल्पना आपल्या देशास नवी नव्हती. सन १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें वरिष्ठ तें कौन्सिल ऑफ स्टेट व कनिष्ठ ती असेंब्ली अशीं दोन गृहें निर्माण झालीं. वरिष्ठ गृहाच्या मतदारास घातलेली अट इतकी कडक होती कीं, १९२० सालीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत त्याचे मतदार सुमारें १७ हजारच भरले. वरिष्ठ गृह म्हणजे धनिकांचें कुंपण, हा ग्रह तेव्हांपासून रूढ झाला. म्हणूनच जुलै १९४७ मध्यें घटना समितींत हा विषय निघाला, तेव्हां दुसरें सभागृह हवेंच कशाला, असें विचारणारे सभासद पुढें आले. गोपालस्वामी अय्यंगार यांच्या उत्तराचा आशय असा होता कीं, क्षणिक भावनेच्या भरांत होणाऱ्या कायद्यास थोडा विलंब लावावा व अनुभवी माणसांस चर्चेंत भाग घेतां यावा, यासाठीं तें हवें. मात्र कारभाराच्या वाटेंतील धोंड तें होतां कामा नये. घटनेनें संपत्तीची अट पुसून टाकली व राज्यसभेची निवड राज्यांतील निवडून आलेल्या आमदारांकडे सोंपविली.

सरळ वाट लोकसभेची. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, १९५२ सालीं, कुलाबा मतदारसंघानें चिंतामणराव देशमुख यांस निवडून दिलें. ते याच जिल्ह्यांत, महाडजवळील नाते येथें जन्मलेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि त्या वेळीं देशाचे अर्थमंत्री. त्याच निवडणुकींत मुंबईंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले आणि पुढें मुंबई विधानसभेच्या आमदारांनीं त्यांस राज्यसभेवर पाठविलें. एकाच वर्षीं दोन थोर पुरुष दोन निराळ्या दारांनीं संसदेंत शिरले.

या दोन दारांतच सत्तेच्या वांटणीचें मर्म आहे. ज्या सभागृहाचे सभासद जनतेपुढें प्रत्यक्ष उभे राहतात, त्याच्याच हातीं तिजोरीची किल्ली. करांचें व खर्चाचें विधेयक लोकसभेंतच मांडावें लागतें. राज्यसभेनें तें १४ दिवसांत परत करावयाचें, आणि तिच्या सूचना मानणें न मानणें लोकसभेच्या मर्जीवर. मंत्रिमंडळहि लोकसभेलाच जबाबदार. राज्यसभेच्या अविश्वासानें तें पडत नाहीं. सरळ वाटेनें आलेल्या सभासदास मतदाराची नजर सतत जाणवते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या धोरणावरून देशमुखांनीं १९५६ सालीं मंत्रिपद सोडलें, आणि पुढील वर्षीं संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत कुलाब्याची जागा काँग्रेसकडून शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. राज्यसभेवर अशी लाट एकदम आदळत नाहीं. ती कधींच बरखास्त होत नाहीं. सभासदांची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनीं एक तृतीयांश निवृत्त होतात.

आतां वळणाची वाट पाहूं. महाराष्ट्रास लोकसभेच्या ४८ व राज्यसभेच्या १९ जागा आहेत. जून २०२२ मध्यें राज्यसभेच्या सहा जागांसाठीं निवडणूक झाली, तिचा हिशेब पाहण्यासारखा आहे. आमदाराच्या एका मताची किंमत १०० धरतात. सर्व २८८ आमदारांनीं मत दिलें तर बेरीज २८,८०० होते. तिला जागांहून एक अधिक, म्हणजे सातानें, भागावें. अपूर्णांक सोडून एक मिळवावा. ४,११५ हा आंकडा येतो. म्हणजे ज्यास ४२ आमदारांची पहिली पसंती मिळाली तो निवडून आला, आणि त्याचीं वरचीं मतें वायां न जातां दुसऱ्या पसंतीकडे वळतात. लोकसभेच्या मतदारसंघांत हरणाऱ्यांस कांहींच मिळत नाहीं. येथें अल्पसंख्य पक्षासहि आपल्या बळाप्रमाणें वांटा मिळतो.

मात्र २००३ च्या कायद्यानें दोन गोष्टी बदलल्या. उमेदवार त्या राज्यांतील मतदार असलाच पाहिजे ही अट गेली, आणि आमदारानें आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावयाची असें ठरलें. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं हे बदल वैध ठरविले. त्यामुळें मतांचा बाजार आवरतो हें खरें. पण राज्यांच्या सभागृहांत राज्याचा माणूस बसावा ही अपेक्षा दुबळी झाली, हेंहि तितकेंच खरें.

पाऊलवाट नेमणुकीची. १९३० सालीं जर्मनीहून परतलेले सलीम अली, हातीं नोकरी नसतां, किहीमच्या घरीं येऊन राहिले आणि तेथें त्यांनीं सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धें घरटें विणतो, मादी तें पारखते, आणि पसंत पडलें तरच संसार मांडते. ही निवड अगदीं प्रत्यक्ष पद्धतीची! स्वतः सलीम अली मात्र १९८५ मध्यें राज्यसभेंत गेले ते कोणाच्याहि मतावर नव्हे. साहित्य, शास्त्र, कला व समाजसेवा यांसाठीं राष्ट्रपती जे बारा सभासद नेमतात, त्यांपैकीं एक म्हणून.

मतावर न आलेले असे सभासद जेथें बसतात, त्या सभागृहानें लोकांच्या सभागृहास कितपत अडवावें? साध्या विधेयकावर दोघांचें जुळलें नाहीं तर संयुक्त बैठक होते. तींत लोकसभेचे ५४३ राज्यसभेच्या २४५ वर सहज मात करतात. अशा विधेयकांसाठीं बैठकी झाल्या त्या १९६१, १९७८ व २००२ या तीन सालींच. घटनादुरुस्तीस मात्र ही सोय नाहीं. ग्रामपंचायतींस घटनेचा आधार देणारें विधेयक लोकसभेनें मंजूर केलें, पण ऑक्टोबर १९८९ मध्यें राज्यसभेंत त्यास आवश्यक बहुमत मिळालें नाहीं. दिल्ली राज्यांस वगळून थेट खेड्यांपर्यंत हात पोंचवूं पाहते, असा विरोधकांचा आक्षेप होता. नवें विधेयक आलें, दोन्ही सभागृहांच्या समितीनें तें तपासलें, डिसेंबर १९९२ मध्यें तें मंजूर झालें आणि २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आलें. विलंबानें राज्यांस अधिक मोकळीक मिळाली. पण खेड्यांतील स्त्रियांस घटनेनें द्यावयाची तृतीयांश जागांची हमी तेवढी लांबली. विलंबाचा लाभ एकाच्या पदरीं आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या माथीं, असें अनेकदां होतें. म्हणून हा अधिकार वापरणारे हात कोणाचे, हें पाहणें अगत्याचें.

आणि ते हात शेवटीं मतदारच निवडतो. किहीमचा मतदार रायगड मतदारसंघांतून खासदार निवडतो, तेव्हां आपण दिल्लीस मत दिलें असें त्यास वाटतें. पण अलिबागचा आमदार निवडतांनाहि तो दिल्लीसच मत देत असतो. तोच आमदार पुढें राज्यसभेचा मतदार होतो. आपल्याकडे आमदारास रस्ता, पाणी, शाळा यांचा जाब विचारतात, आणि तें योग्यच आहे. त्याबरोबर राज्यसभेसाठीं त्यानें कोणास पसंती दिली व कां, हेंहि विचारण्याची संवय मतदारांनीं लावून घेतली, तर वळणाची ही वाट आपल्या दारापासूनच निघते हें कोणी विसरणार नाहीं.